साटेलोटे सिद्ध होत नसेल, तर मिंधेपणाला काय म्हणायचे?

चैत्रबन
नमस्कार. मी नागरिकशास्त्र शिकवते. लोकप्रतिनिधींची कर्तव्ये हा भाग शिकवून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला वर्गात देता आले नाही. त्यानंतर बरेच वाचूनही ते नीट हाती लागलेले नाही, म्हणून तो प्रश्न येथे मांडत आहे.

प्रश्न असा. एखाद्या कंपनीने कायद्याने आखून दिलेल्या मर्यादेत, धनादेशाने, रीतसर पावती घेऊन एखाद्या उमेदवाराला किंवा त्याच्या पक्षाला देणगी दिली. तो उमेदवार निवडून आला. पुढे त्या कंपनीच्या फायद्याचे विधेयक सभागृहात आले आणि त्याने त्याच्या बाजूने मत दिले. दोघांमध्ये कोणताही सौदा ठरलेला नव्हता, किंवा ठरला असेल तर त्याचा पुरावा नाही. हा भ्रष्टाचार म्हणायचा की नाही?

पुरावा नसेल तर तसे म्हणता येणार नाही, असे मी सांगितले. त्यावर ती म्हणाली, "पण मग त्या माणसाने त्या कंपनीच्या विरोधात कधी मत दिले असते का?" तेथे मी अडले.

मला वाटते, तिच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत आणि मराठीत त्यांना दोन शब्दही आहेत. एक साटेलोटे: तू हे दे, मी ते देतो. लाचेचा कायदा हेच शोधत असतो. दुसरी गोष्ट मिंधेपणा. मिंधा झालेला माणूस काही विकत नाही, कोणाला शब्दही देत नाही. पण ज्याच्या उपकाराखाली तो आहे त्याच्यासमोर त्याची मान वर होत नाही, आणि जे बोलायला हवे होते ते तो बोलत नाही. हा दुसरा प्रकार जगातील कायदे आणि न्यायालये भ्रष्टाचारात धरतात का, आणि धरत नसतील तर त्याची कारणे काय आहेत, हे मला समजून घ्यायचे आहे. कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी घातल्याने हा मिंधेपणा जातो का, याचाही अनुभव कोठे आहे का? प्रतिसाद कोणत्याही एका पक्षाच्या बाजूने किंवा विरोधात न जाता प्रश्नाला धरून यावेत, ही विनंती.

तळटीप
आपल्या विद्यार्थिनीने नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय गेली पन्नास वर्षे याच प्रश्नाशी झगडते आहे आणि अलीकडच्या मोठ्या निकालांतून त्याने भ्रष्टाचाराची व्याख्या आवळत आणली आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

कंपन्यांनी आपल्या तिजोरीतून संघराज्याच्या निवडणुकीतील उमेदवारांना थेट देणगी देऊ नये, हा कायदा तेथे १९०७ सालीच झाला आणि तो आजही लागू आहे. वॉटरगेट प्रकरणानंतर, १९७४ मध्ये, देणगी आणि खर्च अशा दोन्हींवर मर्यादा आल्या. 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' या १९७६ च्या निकालात न्यायालयाने देणगीवरील मर्यादा राखली, कारण मोठ्या देणगीतून भ्रष्टाचार किंवा निदान भ्रष्टाचाराचा आभास निर्माण होतो. मात्र खर्चावरील मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येते म्हणून रद्द केली. 'आभास' हा शब्द तेव्हा महत्त्वाचा होता, कारण त्यात आपण म्हणता त्या मिंधेपणाला थोडी तरी जागा होती.

ती जागा २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने जवळपास बंद केली. पाच विरुद्ध चार मतांनी न्यायालयाने ठरवले की उमेदवाराशी संगनमत न करता कंपनीने निवडणुकीत केलेला स्वतंत्र खर्च भ्रष्टाचाराला जन्म देत नाही आणि त्याच्या आभासालाही नाही. कोणाचा लोकप्रतिनिधीवर प्रभाव आहे किंवा कोणाची त्याच्यापर्यंत पोहोच आहे, एवढ्यावरून तो भ्रष्ट ठरत नाही, असे बहुमताने लिहिले. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी आपल्या प्रदीर्घ भिन्नमतात याला जे उत्तर दिले आहे ते वर्गात वाचून दाखवावे असे आहे. मत विकणे आणि पोहोच विकणे यांत फरक आहे तो प्रमाणाचा, जातीचा नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

पुढे फौजदारी कायद्याची व्याख्याही अरुंद झाली. व्हर्जिनियाचे माजी गव्हर्नर मॅकडॉनेल आणि त्यांच्या पत्नीने एका उद्योजकाकडून १,७५,००० डॉलरहून अधिक किमतीच्या भेटवस्तू आणि कर्जे घेतली होती. त्या उद्योजकाला आपल्या पूरक आहार-उत्पादनाचा अभ्यास राज्याच्या विद्यापीठांकडून करून हवा होता, आणि गव्हर्नरांनी त्याच्यासाठी अधिकाऱ्यांच्या भेटी घडवून आणल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की केवळ भेट ठरवून देणे किंवा कार्यक्रम आयोजित करणे हे लाचेच्या कायद्याला लागणारे 'अधिकृत कृत्य' नव्हे, आणि त्यांची शिक्षा रद्द झाली. २०२४ मध्ये इंडियाना राज्यातील पोर्टेज शहराच्या माजी महापौरांचे प्रकरण आले. पालिकेला कचऱ्याचे ट्रक पुरवण्याचे कंत्राट ज्या कंपनीला मिळाले होते तिच्याकडून त्यांनी नंतर १३,००० डॉलर घेतले होते. सहा विरुद्ध तीन मतांनी ठरले की राज्य आणि स्थानिक पातळीवरील अधिकाऱ्यांना लागू असलेले ते केंद्रीय कलम काम होण्यापूर्वी ठरलेल्या लाचेसाठी आहे, कामानंतरच्या बक्षिसासाठी नाही. हे दोघे विधिमंडळाचे सदस्य नव्हते, हे खरे. पण यातून जी कसोटी तयार झाली ती राज्यांतील आमदारांनाही ओळखीची आहे: आधी काही ठरवू नका, कामानंतर कोणी आभार मानले तर नाकारू नका.

आता याच्या शेजारी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचा १५ फेब्रुवारी २०२४ चा निवडणूक रोख्यांवरील निकाल ठेवून पाहा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येत असे आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे नफा-तोटा पत्रकात सांगावे लागे. २०१७ च्या वित्त कायद्याने ही मर्यादाही काढली आणि पक्षाचे नाव सांगण्याची अटही काढली. त्यामुळे तोट्यातील कंपनीलाही हवी तितकी देणगी गुप्तपणे देण्याची मुभा मिळाली. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे सारे एकमताने घटनाबाह्य ठरवले. त्या निकालाचा रोख असा होता की पैशातून पोहोच मिळते, पोहोचीतून धोरणावर प्रभाव पडतो, आणि कंपनीची देणगी हा मुळात बदल्यात काही मिळावे या हेतूने केलेला व्यवहार असतो, म्हणून मतदाराला ती कळली पाहिजे. एका न्यायालयाने पोहोचीला लोकशाहीचा भाग मानले आणि दुसऱ्याने त्याच पोहोचीत धोका पाहिला. कायद्याच्या दृष्टीने मिंधेपणाचे उत्तर आज या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे.

एक जुना धागा यात जोडतो. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता, आणि ते प्रकरण १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यासमोर आले. कायदा मनाई करत नसल्याने त्यांनी बदलास परवानगी दिली, परंतु ही प्रथा वाढत गेली तर ती लोकशाहीचा गळा आवळील, असा इशारा देऊन संसदेने याचा विचार करावा असे सुचवले. परवानगी देताना इतक्या अस्वस्थ मनाने लिहिलेला निकाल क्वचितच वाचायला मिळतो.

अवलोकन
तळटीप यांच्या प्रतिसादाला एक प्रत्यक्ष उदाहरण जोडतो, कारण साटेलोटे आणि मिंधेपणा एकाच प्रकरणात कसे एकमेकांत मिसळतात हे त्यात दिसते. अमेरिकेतील ओहायो राज्याचे 'हाउस बिल ६' हे ते प्रकरण.

फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या उपकंपनीची दोन अणुऊर्जा केंद्रे, पेरी आणि डेव्हिस-बेसी, तोट्यात होती. त्यांना सरकारी आधार हवा होता आणि आधी झालेले प्रयत्न विधिमंडळात अडले होते. लॅरी हाउसहोल्डर या आमदाराला पुन्हा सभापती व्हायचे होते. सभापती निवडतात आमदार. तेव्हा आपल्याला मत देतील असे आमदार आधी निवडून आणणे आवश्यक होते. 'जनरेशन नाऊ' नावाच्या एका ना-नफा संस्थेमार्फत कंपनीचे पैसे येऊ लागले. अशा संस्थेला देणगीदारांची नावे जाहीर करावी लागत नाहीत. हे सगळे मिळून सुमारे ६ कोटी डॉलर झाले. २०१८ च्या निवडणुकीत त्यातून हाउसहोल्डर यांच्या गटातील उमेदवारांचा प्रचार झाला, जानेवारी २०१९ मध्ये ते सभापती झाले, आणि जुलै २०१९ मध्ये विधेयक मंजूर झाले. वीजग्राहकांच्या बिलातून १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्या केंद्रांकडे वळवण्याची त्यात तरतूद होती. विधेयकाविरुद्ध सार्वमत घ्यावे म्हणून नागरिकांनी सह्या गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा ती मोहीम हाणून पाडण्यासाठीही हाच पैसा वापरला गेला.

हाउसहोल्डर यांना जुलै २०२० मध्ये अटक झाली. त्यानंतरही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ते आपल्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आले, हे विसरू नये. जून २०२१ मध्ये सभागृहाने त्यांची हकालपट्टी केली, मार्च २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना दोषी ठरवले आणि जूनमध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. कंपनीने २३ कोटी डॉलरचा दंड भरून खटला लांबणीवर टाकणारा करार केला.

आता चैत्रबन यांच्या प्रश्नाकडे येतो. यातील सभापती आणि त्यांचे थोडे साथीदार हे साटेलोटे म्हणून पकडले गेले. परंतु विधेयक काही एकट्या सभापतींच्या मताने मंजूर होत नाही. त्याला मत देणाऱ्या कित्येक आमदारांना या योजनेची माहितीही नसेल. त्यांच्यापैकी काहींना एवढेच ठाऊक होते की आपला प्रचार सभापतींच्या गटाच्या बळावर झाला आहे आणि सभापतींना हे विधेयक हवे आहे. कोणत्याही न्यायालयात त्यांच्यावर गुन्हा उभा राहणार नाही, आणि तो राहू नये असेच मलाही वाटते. पण कायदा झाला तो त्यांच्याच मतांनी.

आणखी एक गोष्ट. अणुकेंद्रांचे अनुदान मार्च २०२१ मध्ये रद्द झाले, परंतु त्याच कायद्यात जुन्या दोन कोळसा-वीजकेंद्रांसाठी जे अनुदान घातले होते ते सभापती तुरुंगात गेल्यानंतरही ग्राहकांच्या बिलातून वसूल होत राहिले. गुन्ह्याला शिक्षा झाली तरी गुन्ह्यातून जन्मलेला कायदा आपोआप मरत नाही. लाचेच्या कायद्याची ही मर्यादा मला सर्वांत जास्त खुपते.

उंबरठा
वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत, पण चर्चा एका बाजूला झुकत असल्याने मी काही हरकती नोंदवतो.

पहिली हरकत कार्यकारणभावाची. पैसा आला म्हणून मत फिरले, की मत आधीपासून तसे होते म्हणून पैसा आला, हे बाहेरून सांगता येत नाही. तेलाच्या खाणी असलेल्या भागातील खासदार तेल उद्योगाच्या बाजूने बोलतो तेव्हा त्याच्या मतदारांची रोजीरोटीही त्या उद्योगावरच असते. त्याला देणगी मिळाली नसती तरी तो तेच बोलला असता. अशा माणसाला मिंधा म्हणणे हा त्याच्यावर आणि त्याच्या मतदारांवर अन्याय आहे. अमेरिकेतील अनेक संशोधकांनी देणग्या आणि प्रत्यक्ष मतदान यांचा संबंध तपासला आहे. पक्ष, मतदारसंघ आणि स्वतःची विचारसरणी यांचा परिणाम वजा केल्यावर देणगीचा उरणारा परिणाम बहुतेक अभ्यासांत अगदी थोडा किंवा अस्पष्ट दिसतो.

दुसरी हरकत माहितीची. औषधाचे पेटंट किंवा बँकेच्या भांडवलाचे प्रमाण अशा विषयांवर कायदा करताना त्या धंद्यातील माणसांशी बोलावेच लागते. भेट झाली, निवेदन आले, मसुद्यात सूचना आली, एवढ्यावरून संशय घेऊ लागलो तर लोकप्रतिनिधी दारे लावून बसतील आणि कायदे आणखी वाईट होतील.

तिसरी हरकत बंदीची. भारतात १९६९ मध्ये कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी आली, पण निवडणुकीच्या खर्चाची दुसरी कोणतीही सोय करण्यात आली नाही. पैशाची गरज तशीच राहिली आणि तो खात्यातून येण्याऐवजी रोखीने येऊ लागला. १९८५ मध्ये बंदी उठवावी लागली. ब्राझीलमध्ये कंपन्यांच्या देणग्या कायदेशीर असतानाच ओडेब्रेश्ट या बांधकाम कंपनीने लाच वाटण्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला होता आणि १२ देशांत मिळून सुमारे ७८ कोटी ८० लाख डॉलर वाटल्याचे २०१६ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांपुढे कबूल केले. कायदेशीर वाट उघडी असताना चोरवाट वापरली जात होती; ती वाट बंद केली तर चोरवाट बंद होईल, असे समजण्याचे कारण काय?

चैत्रबन
तिघांचेही मनापासून आभार. उंबरठा यांची पहिली हरकत मला फार महत्त्वाची वाटते, कारण विद्यार्थिनीच्या प्रश्नात तिने गृहीत धरले होते की देणगी नसती तर मत वेगळे असते, आणि मीही ते गृहीतक न तपासता स्वीकारले.

परंतु यावर विचार करताना एक शंका मनात आली. आपण सर्वजण मतदानाचा क्षण पाहत आहोत. मतदान हे तर सर्वांसमोर होते, त्याची नोंद राहते, वृत्तपत्रे ते छापतात. मिंधेपणाचा परिणाम दिसायचाच असेल तर तो तेथे सर्वांत कमी दिसेल, नाही का? तो दिसेल जेथे कोणी पाहत नाही तेथे: कोणाला भेटीची वेळ मिळाली, कोणते कलम मसुद्यातून वगळले गेले, कोणता प्रश्न समितीच्या बैठकीत कोणी विचारलाच नाही. माझी ही शंका तपासता येईल असे काही अभ्यास कोणास ठाऊक आहेत का?

तळटीप
आपल्या शंकेला निदान एक भक्कम आधार आहे. दोन अमेरिकी संशोधकांनी एका राजकीय संघटनेच्या साहाय्याने केलेला प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या संघटनेने १९१ काँग्रेस-सदस्यांच्या कार्यालयांकडे भेटीची वेळ मागितली. काही कार्यालयांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून, असे कळवले की भेटीस येणारे लोक स्थानिक मतदार आहेत, आणि उरलेल्यांना असे कळवले की येणारे लोक देणगीदार आहेत. माणसे तीच, विषय तोच. देणगीदार म्हटल्यावर स्वतः सदस्य किंवा त्यांचे वरिष्ठ सहायक भेटण्याचे प्रमाण तिप्पट ते चौपट झाले. उंबरठा यांनी उपस्थित केलेला कार्यकारणभावाचा प्रश्न येथे उरत नाही, कारण येणाऱ्यांचे मत आणि मतदारसंघ दोन्ही वेळा सारखेच होते; बदलला तो एक शब्द. यात कोणी कोणाला एक पैसाही देऊ केला नव्हता, हेही लक्षात घ्यावे.

गप्प राहण्याचे उदाहरण हवे असेल तर अमेरिकेच्या २००३ च्या मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) औषध कायद्याकडे पाहावे. वृद्धांच्या औषधांचा खर्च सरकारने उचलायचा, पण औषध कंपन्यांशी किमतीबाबत सरकारने वाटाघाटी करायच्या नाहीत, असे कलम त्यात घातले गेले. इतका मोठा ग्राहक किमतीची घासाघीस करणार नाही असे स्वतःच कायद्याने लिहून देतो, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मला आजवर मिळालेले नाही. प्रतिनिधिगृहात ते विधेयक पहाटे, मतदान जवळपास तीन तास खुले ठेवून मंजूर करून घेण्यात आले. ज्या समित्यांकडे त्याची जबाबदारी होती त्यांपैकी एकीचे तेव्हाचे अध्यक्ष बिली टॉझिन २००५ मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडताच औषध कंपन्यांच्या संघटनेचे प्रमुख झाले. यात कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नाही आणि मी तसा आरोपही करत नाही. ते कलम मात्र जवळजवळ दोन दशके अबाधित राहिले. २०२२ च्या कायद्याने वाटाघाटीची मुभा दिली आणि पहिल्या १० औषधांच्या ठरलेल्या किमती २०२६ पासून लागू करण्याचे ठरले.

जर्मनीतील एक शब्दप्रयोगही सांगण्याजोगा आहे. फ्लिक या उद्योगसमूहाने १९७५ मध्ये डायम्लर-बेंझचे समभाग विकले आणि त्यावरील करातून सूट मिळवली. पुढे तपासात उघड झाले की समूहाने जवळपास सर्व प्रमुख पक्षांना वर्षानुवर्षे पैसे पुरवले होते. समूहाचा एक वरिष्ठ अधिकारी या कामाला 'राजकीय भूमीची मशागत' अशा अर्थाचे नाव देत असे. मशागतीत विशिष्ट दिवशी विशिष्ट फळाची मागणी नसते. जमीन आपल्याला अनुकूल राहील एवढेच पाहायचे असते. अर्थमंत्री लाम्बस्डॉर्फ यांना १९८४ मध्ये राजीनामा द्यावा लागला. लाचेचा आरोप सिद्ध झाला नाही. शिक्षा झाली ती १९८७ मध्ये, करचुकवेगिरीबद्दल, दंडाच्या रूपाने. मिंधेपणा कायद्याच्या चिमटीत सापडत नाही याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

अवलोकन
उंबरठा यांच्या तिसऱ्या हरकतीबद्दल थोडे. बंदी निरुपयोगी असते असा निष्कर्ष १९६९ च्या अनुभवावरून काढता येणार नाही, कारण त्या बंदीला पर्यायी व्यवस्थेची जोडच नव्हती. फ्रान्सने १९९५ मध्ये कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या, पण त्याबरोबर खर्चावर कडक मर्यादा ठेवली आणि पुरेशी मते मिळवणाऱ्या उमेदवाराला त्या मर्यादेच्या जवळपास निम्म्यापर्यंतचा खर्च सरकारकडून परत मिळण्याची सोयही ठेवली. कॅनडात संघराज्याच्या पातळीवर २००७ पासून कंपन्या आणि कामगार संघटना दोघांच्याही देणग्या पूर्ण बंद आहेत. ब्राझीलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आठ विरुद्ध तीन मतांनी कंपन्यांच्या देणग्या रद्द केल्या आणि २०१७ मध्ये सरकारी निधी उभा राहिला. तेथे मात्र नवे दुखणे निर्माण झाले: हा निधी २०१८ मधील सुमारे १७० कोटी रेआईसवरून (ब्राझीलचे चलन) २०२२ मध्ये ४९० कोटींवर गेला, आणि तो उमेदवारांना वाटण्याचा अधिकार पक्षश्रेष्ठींच्या हातात राहिल्याने आमदार कंपनीऐवजी पक्षाध्यक्षाचा मिंधा होण्याची भीती व्यक्त झाली. तरीही माझे मत असे की पक्षाध्यक्षाच्या मिंधेपणाचा हिशेब मतदार निवडणुकीत मागू शकतो. कंपनी कोणत्याही मतपत्रिकेवर नसते.

उंबरठा
तो प्रयोग मी वाचला नव्हता. पोहोचीबाबतची माझी हरकत मी मागे घेतो. मतदानाबाबतची ठेवतो.

माहितीच्या गरजेबद्दल जे म्हटले त्यावर मात्र ठाम आहे, आणि त्यातूनच उपाय निघू शकेल असे वाटते. भेटी थांबवता येणार नाहीत, थांबवूही नयेत. त्या लपवता येऊ नयेत एवढे पाहावे. ब्रिटनमध्ये १९९४ साली पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारल्याचे प्रकरण उघडकीस आले, त्यातून नोलन समिती नेमली गेली आणि सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वे १९९५ मध्ये मांडली गेली. तरीही २०२१ मध्ये ओवेन पॅटरसन हे खासदार दोन कंपन्यांकडून वर्षाला १,००,००० पौंडांहून अधिक मोबदला घेत त्यांच्यासाठी मंत्र्यांकडे आणि सरकारी संस्थांकडे रदबदली करत होते, असे आढळले. त्यांचा मोबदला खासदारांच्या हितसंबंधांच्या नोंदवहीत जाहीर होता. नोंदवहीत असल्यामुळेच त्यांची रदबदली त्या मोबदल्याशी जोडून पाहता आली. संसदेच्या समितीने ३० दिवसांच्या निलंबनाची शिफारस केली, सरकारने ती टाळण्यासाठी नियमच बदलायचा प्रयत्न केला, लोक चिडले, दुसऱ्याच दिवशी सरकारला माघार घ्यावी लागली आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिला. त्यांची परंपरागत सुरक्षित जागा त्यांच्या पक्षाने पोटनिवडणुकीत गमावली. लाचेचा एकही खटला न भरता हे घडले.

तळटीप
नोंदवहीबाबत सहमत आहे, फक्त ती कोणी भरायची हा प्रश्न निर्णायक आहे. अनेक देशांत लॉबीइंग करणाऱ्याने, म्हणजे कायदा आपल्या बाजूने व्हावा म्हणून लोकप्रतिनिधींकडे प्रयत्न करणाऱ्याने, स्वतःची नोंद करायची असते, आणि जो स्वतःला लॉबीइंग करणारा मानत नाही तो त्यातून निसटतो. जर्मनीची लॉबीइंगची नोंदवही २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा कोणत्या विधेयकासाठी प्रयत्न चालला आहे हे सांगण्याची सक्ती नव्हती. २०२४ च्या दुरुस्तीने ती आणली. चिलीने २०१४ च्या कायद्यात याच्या उलट रचना केली. तेथे ज्याची भेट घेतली जाते त्या लोकप्रतिनिधीने किंवा अधिकाऱ्याने आपल्या भेटी, दौरे आणि मिळालेल्या भेटवस्तू जाहीर करायच्या असतात. सत्ता ज्याच्या हातात आहे त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी टाकणे मला अधिक योग्य वाटते, कारण भेटायला येणारे हजारो असतात आणि ज्याला भेटायचे तो एकच असतो.

चैत्रबन यांच्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे राहील: तो भ्रष्टाचार आहे, पण त्या आमदाराचा गुन्हा नाही. फौजदारी कायदा व्यक्तीच्या हेतूवर चालतो आणि तो तसाच राहावा. मिंधेपणा शिक्षेस पात्र ठरवायला निघालो तर सत्तेवर असलेला कोणताही पक्ष विरोधी पक्षातील प्रत्येक देणगीची चौकशी लावील. जे दुखणे व्यवस्थेत आहे ते देणगीची मर्यादा, जाहीर हिशेब आणि भेटींची नोंद यांनीच हाताळावे लागेल.

चैत्रबन
'भ्रष्टाचार आहे, पण गुन्हा नाही' हे उत्तर मी वर्गात असेच मांडीन आणि त्यावर उंबरठा यांची हरकतही सांगेन.

विद्यार्थ्यांना एक काम देण्याचे ठरवले आहे. प्रत्येक गटाने गेल्या काही वर्षांत मंजूर झालेला एकच कायदा घ्यायचा, विधेयक मांडले गेले तेव्हाचा मसुदा आणि मंजूर झालेला मजकूर शेजारी ठेवायचा, आणि जे कलम बदलले किंवा गळाले त्याबद्दल समितीच्या अहवालात, सभागृहातील चर्चेत किंवा उद्योग संघटनांच्या जाहीर निवेदनांत काय म्हटले आहे ते शोधायचे. कोणावर आरोप करायचा नाही. बदल कोणी सुचवला याची नोंद सापडते की नाही, एवढेच लिहायचे. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता तिने ओहायोचा तो कायदा मागून घेतला आहे, आणि तिला त्यातील कोळसा केंद्रांचे कलम कोणाच्या आग्रहाने आले ते पाहायचे आहे. त्या विधेयकाच्या निरनिराळ्या मसुद्यांची तुलना कोठे वाचायला मिळेल हे कोणास माहीत असल्यास कृपया येथे कळवावे.